फादोच्या पलीकडचे जुझे सिद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला पोर्तुगीज संगीतावरचा लेख आवडला, पण तो फादोपाशीच, म्हणजे तिथल्या पारंपरिक विरहगीतांपाशीच, थांबला. पोर्तुगालमध्ये रॉकही आहे, आणि कसदार आहे. निदान जुझे सिद यांचं नाव तरी त्यात यायलाच हवं होतं.

१९४२ साली पोर्तुगालमधल्या शमुश्का इथे जन्मलेले सिद स्वतः गाणी रचतात, गातात आणि पियानो, सिंथेसायझर आणि मेलोट्रॉन हे टेपवर चालणारं पट्ट्यांचं वाद्य तितक्याच सहजतेने वाजवतात. १९६७ मध्ये त्यांच्या 'क्वार्तेतु ११११' या बँडने पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव याची दंतकथा रॉकच्या चालीवर गायली, तीही पोर्तुगीजमध्ये. १५७८ साली मोरोक्कोतल्या लढाईत हा राजा नाहीसा झाला. तो एक दिवस धुक्यातून परतेल, अशी पोर्तुगालमध्ये लोकश्रद्धा होती.

या बँडचा १९७० चा अल्बम मात्र सेन्सॉरने बाजारातून काढून घ्यायला लावला. पॅरिसच्या कडेला झोपड्यांत राहणारे पोर्तुगीज मजूर, वर्णभेद हे त्यातले विषय. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार पायउतार झाला होता, पण त्याची कात्री शाबूत होती. गोव्यात १९६१ पर्यंत लग्नपत्रिकासुद्धा याच सेन्सॉरला दाखवून छापाव्या लागत, हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना वेगळं सांगायला नको. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने ती कात्री मोडली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्याचं विलीनीकरण मान्य केलं. म्हणूनच सिद यांची ही गाणी मला परकी वाटत नाहीत.

माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम म्हणजे १९७८ चा 'दहा हजार वर्षांनंतर, शुक्र आणि मंगळ यांच्यामध्ये' हा अल्बम. माणसाने स्वतःच्या हाताने पृथ्वीचा नाश केला आहे; अवकाशात निसटलेले एक स्त्री आणि एक पुरुष दहा हजार वर्षांनी परततात आणि शून्यापासून सुरुवात करतात. यात मेलोट्रॉन ऐकावा! त्याच्या प्रत्येक पट्टीखाली व्हायोलिनसारख्या वाद्यांचे सूर भरलेली टेप असते. पट्टी दाबली की टेप सरकते आणि साधारण आठ सेकंदांत संपते. सूर लांबवायचा तर बोटं सतत बदलत राहावी लागतात. त्या आठ-आठ सेकंदांतून सिद यांनी अख्खं आकाश उभं केलंय. तेव्हा अल्बम फारसा खपला नाही. आज प्रोग्रेसिव्ह रॉकचे, म्हणजे अशा प्रयोगशील रॉकचे, संग्राहक त्याची मूळ तबकडी शोधत फिरतात.

पुढे १९८० मध्ये ते युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत सातवे आले. १९९४ मध्ये रेडिओवाले परदेशी गाण्यांपुढे देशी कलाकारांना विचारत नाहीत, म्हणून अंगावर फक्त एक गोल्ड रेकॉर्ड (भरपूर खपाबद्दल मिळणारी सोनेरी तबकडी) धरून त्यांनी मासिकासाठी छायाचित्र काढून घेतलं. लोक हसले असतील, पण त्यांची तक्रार खरी होती आणि ती करायला धाडस लागतं. २०१९ मध्ये लॅटिन ग्रॅमीने त्यांना संगीतातल्या एकूण कामगिरीबद्दल गौरवलं.

एखाद्या जाणकाराकडून १९७० आणि १९७८ च्या या दोन अल्बमवर सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, मडगाव