फादर, तुम्ही 'वेळ आहे' म्हणालात

आदरणीय फादर,

पत्र लिहीन लिहीन म्हणता चार महिने गेले. कुठे गेले ते विचारू नका, तो प्रश्न तुम्हीच माझ्या मागे लावून दिलात.

बेचाळिसाव्या वर्षी बाहेरून एम.ए.ला बसले. क्लासच्या सरांनी ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत ऑगस्टीनचा काळविचार चार मुद्द्यांत उरकला आणि म्हणाले, "अहो, हा प्रश्न ऑप्शनला टाका." शंका विचारली तर "आत्ता वेळ नाही." काळावरच्या नोट्सचे पैसे मात्र आगाऊ घेतले होते!

तुम्ही ओळखदेख नसताना ग्रंथालयात खुर्ची ओढून बसलात आणि ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाचा अकरावा भाग उघडलात. जग घडवण्याआधी देव काय करत होता? 'असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता' हे चावट उत्तर ऑगस्टीनला ठाऊक होतं. पण तो ते देत नाही. त्यापेक्षा 'माहीत नाही' म्हणेन, म्हणतो. इ.स. ४००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपला हे म्हणता येतं, आमच्या सरांना नाही. मग तो सांगतो, काळसुद्धा देवानेच घडवला, तर त्याच्या 'आधी' हा शब्दच कुठून आणणार?

गेलेला क्षण उरला नाही, येणारा आला नाही, आत्ताचा धरावा तर त्याला लांबीच नाही. मग आपण मोजतो काय?

"पाठ असलेलं एखादं स्तोत्र म्हणा," तुम्ही म्हणालात. ऑगस्टीनचंही उदाहरण हेच. मी रामरक्षा सुरू केली. अर्ध्यावर तुम्ही थांबवलंत. "म्हणून झालेलं कुठे आहे? उरलेलं कुठे आहे?" झालेलं आठवणीत, उरलेलं अपेक्षेत, आणि मन दोन्हीकडे ताणलेलं. लख्ख कळलं. पण पुढची ओळ येईना. रामरक्षा बाबांनी शिकवलेली, आणि त्यांना जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

शिपाई दिवे मालवायला आला. तुम्ही त्याला नुसत्या हाताने थांबवलंत आणि मला म्हणालात, "सावकाश. वेळ आहे." तासभर काळ कुठे सापडत नाही हे दाखवून झाल्यावर!

नंतर मी रोमन तत्त्वज्ञ बोएथियस वाचला. सहाव्या शतकात, कैदेत, मरणाची शिक्षा समोर असताना तो लिहितो की शाश्वत म्हणजे न संपणारा काळ नव्हे; अमर्याद जीवन सगळंच्या सगळं एकदम हाती असणं. म्हणजे देवाला पुढची ओळ आठवावी लागत नाही. आपल्याला लागते, आणि ती आठवेपर्यंत थांबणारी माणसं फार थोडी भेटतात. ओळखीच्यांसाठी कुणीही थांबतं हो. तुम्ही एका परक्या बाईसाठी थांबलात, तेही दुसऱ्या धर्माचं स्तोत्र अडलं म्हणून, आणि घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत.

ओळ आठवली, स्तोत्र पुरं झालं, शिपायाने दिवे मालवले. जिना उतरताना तुम्ही माझ्यापुढे होतात, आणि माझी अडलेली तीच ओळ गुणगुणत होतात.

म्हणजे तुम्हाला ती येत होती, फादर!

तुमची,
रामरक्षावाली विद्यार्थिनी