मुंबई हे नाव बॉम्बेवरून आलेलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मुंबईच्या नावावरचा लेख वाचायला घेतला आणि पहिल्याच परिच्छेदाशी अडलो. पोर्तुगीजांनी खाडी पाहून ‘बोम बाहिया’, म्हणजे चांगली खाडी, असं म्हटलं, त्याचं बॉम्बे झालं आणि बॉम्बेचं मुंबई, ही गोष्ट त्यात पुन्हा छापली आहे. मागच्या महिन्यात गेटवेपाशी सहलीला आलेल्या शाळकरी मुलांनाही हेच सांगताना ऐकलं. मुलं ते वहीत उतरवून घेत होती. म्हणून हे पत्र.

पोर्तुगीज भाषेत ‘बाहिया’ स्त्रीलिंगी आहे. चांगली म्हणायचं तर ‘बोआ’ म्हणावं लागेल. ‘बोम’ हे पुल्लिंगी रूप. ‘चांगला खाडी’ असं आपल्याकडचं शाळकरी पोरही म्हणणार नाही, मग पोर्तुगीज स्वतःच्या भाषेत तशी चूक कशी करतील? शिवाय वसईच्या तहाने ही बेटं त्यांच्या हाती आली १५३४ मध्ये, आणि त्याआधीच, १५२५ च्या त्यांच्याच नोंदीत ‘मोंबाइन’ हे नाव सापडतं. वैद्य गार्सिया द ओर्ता याला तर हे बेटच मिळालं होतं. त्याच्या १५६३ च्या ग्रंथात ‘मोंबाइम’ आहे. सुरुवातीचा ‘म’ पाहा. हे नाव त्यांनी इथल्या माणसांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ती माणसं म्हणजे मुंबा आईला पुजणारे कोळी. १९९५ मध्ये इंग्रजी नाव सरकारी पातळीवर बदललं. मराठीत आणि गुजरातीत बदलायचं काही नव्हतंच.

भेंडी बाजाराचंही तेच. ‘बिहाइंड द बाजार’ या इंग्रजी शब्दांवरून तो भेंडी बाजार, असं हौसेने सांगतात. तिथे भेंडीची झाडं होती (भाजीतली भेंडी नव्हे, सावलीचा मोठा वृक्ष), हे जुन्या नोंदींत आहे. वडाळा, चिंचपोकळी, उंबरखाडी, फणसवाडी ही नावं वाचत गेलं की सिमेंटखाली गेलेली अख्खी राई डोळ्यांसमोर येते. इतकं ढळढळीत दिसत असताना आपण प्रत्येक नावाचं मूळ साहेबाच्या भाषेत का शोधतो, याचा मला खरोखर त्रास होतो.

टोपणनावांवर लेखात बरंच आहे, त्यावर फार लिहीत नाही. मायानगरी, स्वप्ननगरी ही नावं बाहेरून येणाऱ्यांच्या डोळ्यांतली. ‘उर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर, हे बिरुद महापालिकेच्या जुन्या बोधचिन्हावर होतं. आज ते कुणाच्या तोंडी नाही. मला जवळचं वाटतं ते ‘गिरणगाव’. ते कुणी ठरवून ठेवलेलं नाही. भोंग्यावर उठणाऱ्या लोकांनी आपल्या वस्तीला तसं म्हटलं, आणि गिरण्या गेल्या तरी लालबाग-परळमध्ये ते अजून बोललं जातं.

एक विनंती आहे. लोकल स्थानकांवर नावाच्या पाटीखाली त्या नावाचा अर्थ दोन ओळींत मराठीत लिहावा, ही मागणी आपल्या वर्तमानपत्राने रेल्वेकडे लावून धरावी. वडाळ्यापासून सुरुवात करता येईल, तिथे वडाचं चित्र काढलं तरी पुरे.

आपला,
एक नियमित वाचक