तुम्ही परत पाठवलेल्या मापांबद्दल आभार, काका

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

जबड्याचं ऑपरेशन होऊन चेहरा सरळ झाला की घरचे लोक सर्जनचे आभार मानतात, भूल देणाऱ्या डॉक्टरांचे मानतात, दीड-दोन वर्षं तारा घट्ट करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचे मानतात. पेढे ओपीडीत येतात, वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशींपर्यंत पोचतात. दातांच्या मॉडेलांवर ऑपरेशन आधी आखून, जबड्याची नवी जागा दाखवणारं स्प्लिंट (दातांमध्ये बसणारा अॅक्रिलिकचा साचा) बनवणाऱ्या तुमच्या लॅबपर्यंत मात्र कुणी येत नाही, कारण पेशंटनं तुम्हाला कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून छत्रपती संभाजीनगर, परभणी, बीड आणि नांदेडहून तुमच्याकडे मॉडेलं पाठवणारे आम्ही डॉक्टर हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत. वाकड्या जबड्याच्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही ते वाचावं.

पहिले आभार तुमच्या कपाटाबद्दल. जुनी मॉडेलं तुम्ही टाकून देत नाही, मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख घालून ठेवता. याचं मोल मोठं आहे. जबड्याचा सांधा कानाच्या पुढे असतो आणि त्यातल्या गोल टोकाला, कॉन्डाइलला, लहानपणी मार बसला तर त्या बाजूची वाढ खुंटते. माळवदावरून किंवा झाडावरून हनुवटीवर पडलेल्या पोराच्या हनुवटीला टाके पडतात, जखम भरते आणि आतलं फ्रॅक्चर तसंच राहून जातं. मग काही वर्षांत हनुवटी मार लागलेल्या बाजूला सरकते. दुसऱ्या प्रकारात उलटं घडतं: वयात येताना किंवा त्यानंतर एका बाजूचा कॉन्डाइल गरजेपेक्षा जास्त वाढतो आणि हनुवटी विरुद्ध बाजूला ढकलली जाते. या दुसऱ्या प्रकारात खरा प्रश्न असतो, वाढ थांबली की चालूच आहे? चालू असताना जबडा सरळ केला तर तो पुन्हा वाकडा होतो. सहा महिन्यांपूर्वीचं मॉडेल आणि आजचं मॉडेल शेजारी ठेवून खालच्या दातांची मधली रेषा किती सरकली हे तुम्ही मोजून देता, तेव्हा पुढचं ठरवणं सोपं जातं. शंका उरली तर टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा बोन स्कॅन होतो. दोन्ही बाजूंच्या कॉन्डाइलनं शोषलेल्या द्रव्याच्या आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक, म्हणजे साधारण ५५ विरुद्ध ४५, आला की वाढ चालू आहे असं धरतात. मग एकतर थांबायचं, नाहीतर आधी त्या कॉन्डाइलचा वरचा थोडा भाग काढायचा.

आता परत पाठवलेल्या मापांबद्दल. अल्जिनेटचं माप, म्हणजे मऊ लगद्यात घेतलेला दातांचा ठसा, तोंडातून बाहेर आलं की लगेच पाणी सोडायला लागतं. मे महिन्यात पारा ४२ वर असताना ते उघडं राहिलं तर आकसतं, आणि पाण्यात बुडवून ठेवलं तर पाणी पिऊन फुगतं. दहा-पंधरा मिनिटांच्या आत स्टोन (कडक प्लास्टर) ओतला गेला तरच ते खरं. म्हणून आलेलं माप तुम्ही परत पाठवता आणि गावोगावच्या दवाखान्यांना एकच सांगता: माप पाठवू नका, तिथंच ओता आणि मॉडेल पाठवा. तेही डायस्टोनचं, म्हणजे जास्त कडक स्टोनचं, १०० ग्रॅम पावडरीला २२ ते २४ मिलिलिटर पाणी मोजून. अंदाजानं पाणी जास्त पडलं की मॉडेल मऊ होतं आणि दाढांची टोकं हाताळतानाच झिजतात. दाढेच्या खाचेत स्टोनचा मोहरीएवढा दाणा राहिला तरी वरचं-खालचं मॉडेल नीट मिटत नाही. तारा लावलेल्या दातांवर माप तार धरायला चिकटवलेल्या ब्रॅकेटमध्ये अडकून फाटतं, म्हणून ब्रॅकेटवर आधी मेण दाबायचं, हेही तुम्हीच प्रत्येक नव्या डॉक्टरला फोनवर सांगता.

तारेचं तर तुम्ही कधीच ऐकून घेत नाही. ऑपरेशनपूर्वी १९ बाय २५ ची (इंचाच्या हजाराव्या भागात) स्टीलची जाड तार घातलेली असते. ती निदान महिनाभर तोंडात राहून दात हलायचे पूर्ण थांबले पाहिजेत, मगच शेवटचं माप. त्यानंतर तार बदलायची नाही, रबराची साखळी लावायची नाही, सुटलेलं ब्रॅकेट नव्या जागी चिकटवायचं नाही. चिठ्ठीवर या तारखा नसल्या की मॉडेल तुमच्या टेबलावर बाजूला ठेवलं जातं आणि फोन येतो. एक दात अर्धा मिलिमीटर सरकला तरी स्प्लिंट त्या दातावर अडतं, आणि ते कळतं तेव्हा पेशंट भूल घेऊन टेबलावर झोपलेला असतो.

बाइटचंही, म्हणजे वरचे-खालचे दात कसे मिटतात त्याच्या ठशाचंही, तसंच. मेणाचा बाइट एसटीच्या पार्सलात उन्हानं वाकतो, म्हणून तुम्ही सिलिकॉनचा मागता. त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. वाकड्या जबड्याचा माणूस वर्षानुवर्षं जबडा एका बाजूला किंवा पुढे सरकवून दात जुळवत असतो. बाइट घेताना त्यानं सवयीनं तेच केलं, तर सगळा प्लॅन त्या सरकलेल्या जबड्यावर उभा राहतो. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात, कॉन्डाइल आपल्या खऱ्या जागी मागे बसतो आणि त्याच्या आधारानं लावलेला वरचा जबडा ठरल्यापेक्षा मागे, कधी तिरका लागतो. आर्टिक्युलेटरवरची (मॉडेलं जबड्यासारखी उघडमीट करणाऱ्या यंत्रावरची) मधली रेषा आणि पेशंटच्या फोटोतली मधली रेषा जुळत नसेल तर तुम्ही बाइट परत पाठवता. त्या एका परतीमुळे एखाद्या मुलीचं दुसरं ऑपरेशन टळलेलं असतं आणि तिला ते कधीच कळत नाही.

फेसबोबद्दल, म्हणजे चेहऱ्याला लावून माप घ्यायच्या चौकटीबद्दल, तुमचा आग्रह आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. वरच्या जबड्याचं मॉडेल आर्टिक्युलेटरवर बसवण्यासाठी फेसबोच्या दांड्या दोन्ही कानांत घालतात. पण एका बाजूचा चेहरा जन्मतः लहान असेल तर कानही वर-खाली असतात. त्या कानांवर विसंबून मॉडेल बसवलं, तर तोंडात दिसणारा दातांचा तिरकेपणा मॉडेलवर गायब होतो किंवा दुप्पट दिसतो. वाकड्या भिंतीला धरून ओळंबा लावण्यासारखं आहे ते. त्यामुळे तुम्ही फेसबोसोबत पाच आकडे मागता: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून सुळ्याच्या टोकापर्यंतचं अंतर, उजवं आणि डावं, चेहऱ्याच्या मध्यापासून वरच्या दातांची मधली रेषा किती सरकलेली, वरच्या रेषेपासून खालची किती, आणि हनुवटी किती. शिवाय दातांत लाकडी पट्टी आडवी धरून, मान सरळ ठेवून समोरून काढलेला एक फोटो. ओठ सैल असताना वरचे पटाशीचे दात किती दिसतात हा आकडाही हवा. समजा एका बाजूचा सुळा ४ मिलिमीटर खाली आहे. तो सगळा वर उचलायचा, की एक बाजू २ वर आणि दुसरी २ खाली, हे त्याच आकड्यावर ठरतं. दात आधीच कमी दिसत असतील आणि सगळा जबडा वर गेला, तर चेहरा सरळ होईल पण हसताना म्हातारा दिसेल.

यानंतरचं तुमचं काम फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. रेने ल फोर यांनी १९०१ मध्ये वरच्या जबड्याच्या फ्रॅक्चरच्या रेषा मांडल्या. त्यातल्या सर्वांत खालच्या रेषेवरून आम्ही वरचा जबडा मोकळा करतो. खालचा जबडा ह्यूगो ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पद्धतीनं दोन्ही बाजूंना उभा चिरतो. हे दोन्ही काप तुम्ही आधी मॉडेलवर घालता. कापण्यापूर्वी मॉडेलच्या बुडावर उभ्या-आडव्या रेघा मारता आणि हलवल्यानंतर त्याच रेघांवरून प्रत्येक दाढेचा, प्रत्येक सुळ्याचा प्रवास मोजता. तुमच्या कागदावर ‘उजवी दाढ ५ मागे, डावी १ पुढे’ असं लिहिलेलं असतं तेव्हा सर्जनला आधीच कळतं की खालचा जबडा फिरणार आहे. उजवीकडे हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर अडणार, तिथं हाड घासावं लागणार. ते न घासता प्लेटा कसल्या तर कॉन्डाइल पिळला जातो, आणि दात बांधलेल्या तारा सोडताच जबडा परत एका बाजूला जातो.

स्प्लिंट दोन लागतात. पहिलं मधल्या टप्प्याचं: वरचा जबडा कापलेला, खालचा अजून अखंड. या दोघांमध्ये ते बसतं आणि वरच्या जबड्याची नवी जागा दाखवतं. तिरकेपणा असेल तर ते एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ, पाचरीसारखं होतं. दुसरं शेवटचं, खालच्या जबड्यासाठी. सर्वांत पातळ जागी दीड-दोन मिलिमीटर जाडी हवी, नाहीतर तार आवळताना मोडतं. दाढांचे ठसे जेमतेम मिलिमीटरभर खोल ठेवायचे. जास्त खोल केले तर दात पूर्ण बसले की नाही ते बाजूनं दिसत नाही. तार ओवायला भोकं, ब्रॅकेटच्या हुकांना मोकळी जागा. अॅक्रिलिक घट्ट होताना आकसतं, म्हणून तुम्ही ते प्रेशर पॉटमध्ये करता आणि रात्रभर मॉडेलवरून काढत नाही. डब्यावर लाल अक्षरांत ‘ऑटोक्लेव्ह करू नये’ असं लिहून पाठवता, कारण ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांच्या वाफेत हे अॅक्रिलिक वाकतं. ते २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात १० तास बुडवायचं आणि निर्जंतुक पाण्यानं धुवायचं. आदल्या दिवशी स्प्लिंट आधी वरच्या दातांवर, मग खालच्या दातांवर वेगवेगळं बसवून पाहायला सांगता, तेही ते वाकलेलं नाही हे कळावं म्हणूनच.

आता स्कॅनर आले, प्रिंटर आले. सीटीत धातूच्या ब्रॅकेटमुळे दातांचं चित्र विस्कटतं, म्हणून दात तोंडाच्या स्कॅनमधून आणि हाड सीटीतून घेऊन दोन्ही जुळवतात. जबड्याचं फिरणं स्क्रीनवर थेट दिसतं आणि कानांचा घोळ टळतो. हे तुम्ही या वयात शिकलात. प्रिंट केलेलं स्प्लिंट धुऊन प्रकाशात पूर्ण घट्ट (क्युअर) झाल्याशिवाय छपाईचे आधार तोडायचे नाहीत, नाहीतर ते पिळतं, हे तुमच्याकडूनच तरुण मंडळी शिकली. आणि छापलेलं स्प्लिंटही तुम्ही स्टोनच्या मॉडेलवर बसवून बघितल्याशिवाय सोडत नाही. ही शिस्त आम्हाला फार प्रिय आहे.

एका गोष्टीसाठी पेशंटच्या वतीनं वेगळे आभार मानायचे आहेत: कडांच्या पॉलिशबद्दल. शेवटचं स्प्लिंट काही पेशंटमध्ये वरच्या दातांना बांधून दोन-चार आठवडे तोंडातच राहतं, वरून रबरं असतात. खालच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असते, बहुतेकांत काही आठवडे ते काही महिने, थोड्यांत कायमची. बधिर ओठाला कड टोचतेय हे कळतच नाही. जखम होऊन चिघळल्यावर ती दिसते. तुमच्या गुळगुळीत कडांमुळे हे टळतं. वरच्या बाजूला तुम्ही ठेवलेल्या उतारामुळे लहान मुलांच्या ब्रशनं सफाई करता येते. त्या दिवसांत ज्वारीची पातळ आंबील, गाळलेलं वरण, ताक, पातळ केलेला आमरस एवढंच पोटात जातं आणि त्यातलं बरंच स्प्लिंटखाली साचतं. प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या कोमट पाण्याची चूळ हवीच. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्या वेळी आरशात चेहरा आधीपेक्षा वाकडा दिसू शकतो. घरच्यांनी घाबरू नये. मोठी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, उरलेली जायला सहा महिने ते वर्षही लागतं. हाड सरळ झालं तरी गालाच्या मांसातला फरक थोडा राहू शकतो, हे पेशंटला आधीच सांगितलेलं बरं. कडक भाकरी आणि शेंगदाणे निदान दोन महिने नाहीत.

काका, तुमच्या आकड्यांची, तारेच्या तारखेची आणि फोटोच्या रकान्याची चिठ्ठी आम्ही आता छापून घेत आहोत. आमच्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात तिचं पॅड राहील आणि ती पूर्ण भरल्याशिवाय एकही मॉडेल तुमच्याकडे निघणार नाही. मसुदा सोबत जोडला आहे. काही रकाना राहिला असेल तर लाल पेनानं लिहून परत पाठवा.

आपले कृतज्ञ,
मराठवाड्यातले ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन