ताई, तुम्ही आधी तिला विचारलंत

ताई,

तुम्ही माझ्या लेकीच्या थेरपिस्ट, तुमचे आभार फोनवरही मानता आले असते. उघड पत्र लिहितेय ते मुद्दाम. तुमच्याआधी आम्ही ज्यांच्या ज्यांच्या दारात उभे राहिलो, त्यांच्यापैकी एखाद्याच्या नजरेस हे पडावं असा थोडा दुष्ट हेतू आहे. नावं घेणार नाही. ज्याचं त्याला कळेल.

लेकीला ऑटिझम आहे हे कळायला उशीर झाला, पण आम्ही विचारलं नाही म्हणून नव्हे. पहिला वाढदिवस उलटून गेला तरी नावाने हाक मारली की ती वळत नव्हती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कागद चुरगळला की मात्र मान झटकन फिरायची. म्हणजे ऐकू येत होतं, कानांची तपासणीही झाली होती. दीड वर्षाची झाली तरी काही आवडलं म्हणून बोट दाखवणं नाही, ‘तू पण बघ’ अशी नजर नाही. काही हवं असलं की माझं मनगट धरायची आणि माझा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. मी हे सगळं सांगितलं, लिहून नेलं. उत्तर मिळालं, “मुलगी शांत आहे, त्रास देत नाही, नशीबवान आहात.” मुलींमधला ऑटिझम नजरेतून सुटतो, हे ज्यांना माहीत असायला हवं होतं तेच असं बोलत होते. “वाट बघा, काही मुलं उशिरा बोलतात.” वाट बघा म्हणणाऱ्याचं काय जातं?

पुढे निदान झालं. ज्यांनी केलं त्यांनी कागद टेबलावरून सरकवला, घड्याळ पाहिलं आणि ती माझ्या मांडीवर बसलेली असताना म्हणाले, “हिला फारसं काही कळत नाही. अपेक्षा ठेवू नका.” दुसऱ्या एका ठिकाणी अपेक्षा भरपूर ठेवायला सांगितल्या. पूर्ण बरी करून देतो म्हणाले, फक्त पैसे आगाऊ भरा. ऑटिझम हा बरा करायचा आजार नाही, मेंदूची जडणघडणच वेगळी असते, हे मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला ते ऐकायचं नव्हतं.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा मी फाइल काढूनच ठेवली होती. अशा भेटींचा सराव झाला होता. समोरच्याने पेन उघडलं की पाढे म्हणावेत तसं सुरू करायचं: बोलत नाही, बघत नाही, मुलांत मिसळत नाही, केस कापू देत नाही, खेळण्यांशी खेळत नाही, नुसती रांग लावते. मी सुरुवात केली. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत, खुर्चीवरून उठलात आणि जमिनीवर जाऊन बसलात. तिच्या अगदी जवळ नाही, चांगलं हातभर अंतर ठेवून. आणि तिला म्हणालात, “आई आणि मी आता तुझ्याबद्दल बोलणार आहोत. चालेल?”

ती ठोकळे लावत होती. तिने वर पाहिलं नाही. मला वाटलं, झालं, आता ताई फाइलकडे वळतील. तुम्ही वळला नाहीत. नुसत्या बसून राहिलात. पुन्हा विचारलं नाही, चुटक्या वाजवल्या नाहीत, हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे फिरवलं नाही. (हे सगळं तिच्यासोबत झालेलं आहे, आणि करणारे नातेवाईक नव्हते, भिंतीवर पदव्या लावलेले लोक होते.) ती शांतता मला इतकी सहन होईना की तिच्या वतीने मीच ‘हो’ म्हणणार होते. तेवढ्यात तिने ठोकळे दोन्ही हातांनी ओढून घेतले, जागच्या जागी फिरली आणि तुमच्याकडे पाठ करून पुन्हा रांग लावायला लागली.

तुम्ही म्हणालात, “नको? बरं. मग आम्ही आत जाऊन बोलतो.” आणि खरंच उठलात. राहिलेली सगळी हकिकत मी तुम्हाला दुसऱ्या खोलीत, दार लोटून सांगितली.

हे पत्र त्या एका क्षणासाठी आहे. फाइलमध्ये ‘पाठ फिरवते’ हे लक्षण म्हणून लिहिलेलं होतं. तुम्ही ते उत्तर म्हणून घेतलंत. तोवर कितीतरी लोकांनी माझ्या मुलीला तपासलं होतं, मोजलं होतं, तिच्याविषयी मला शंभर प्रश्न विचारले होते. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आत गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, तिला तुमचं बोलणं कळलं असेल असं वाटतं तुम्हाला? तुम्ही म्हणालात, “माहीत नाही. पण कळतं असं धरून चाललो आणि चुकलो तर आपलं काही बिघडत नाही. कळत नाही असं धरलं आणि चुकलो, तर भोगायचं तिला.” तेव्हापासून आमच्या घरात तिच्यासमोर तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पाहुणे बोलायला लागले की थोरला सरळ सांगतो, “ती ऐकतेय.”

पुढचं सगळं त्यातूनच आलं, असं मला वाटतं. घरी थेरपी म्हणजे टेबल-खुर्ची मांडून तासभर घेतलेली शिकवणी, अशी माझी समजूत होती. तुम्ही म्हणालात, वेगळा तास कशाला? आंघोळ आहे, कपडे आहेत, जिना आहे, झोका आहे, दिवसभर तेच तर करायचंय. झोका एकदा द्यायचा आणि धरून ठेवायचा. ‘अजून हवा का? बोल ना, हवा का?’ अशी सरबत्ती करायची नाही. तोंड बंद ठेवून थांबायचं. तिने पाय हलवला, अंग पुढे झुकवलं, काहीही केलं तरी ते मागणं समजायचं आणि लगेच झोका द्यायचा, सोबत एकच शब्द: “झोका.” ‘आधी बोल, मग देते’ हा प्रकार बंद. मुलीकडून काही करवून घेण्यापेक्षा स्वतः गप्प राहणं किती अवघड आहे, हे आईच जाणे.

ठोकळ्यांच्या रांगेचंही तसंच. आम्ही सगळे ती रांग मोडून तिला ‘नीट’ खेळायला लावण्याच्या मागे होतो. तुम्ही मला तिच्या समोर, तिच्या नजरेच्या उंचीवर पालथं पडायला सांगितलंत आणि माझी वेगळी रांग लावायला लावलीत. ती करते ते करायचं, ती थांबली की थांबायचं. डोळ्यांत बघ म्हणून मागे लागायचं नाही. काही दिवस काही झालं नाही. मग एकदा तिने माझ्या रांगेतला एक ठोकळा सरळ केला. मी तो मुद्दाम पुन्हा वाकडा केला. तिने पुन्हा सरळ केला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे अगदी ओझरतं. पण ते ठोकळ्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून ठोकळ्याकडे होतं, आणि त्याचीच आम्ही केव्हापासून वाट बघत होतो.

तुम्ही हे माझ्याच फोनवर चित्रित करायचात आणि नंतर मला दाखवायचात, त्यातही जे जमलं तेवढंच थांबवून थांबवून. “इथे बघा, तुम्ही गप्प बसलात आणि ती वळली.” मला आधी ते लाड वाटले. नंतर वाचलं तेव्हा कळलं की याच धर्तीच्या पद्धतीचा ब्रिटनमध्ये १५२ लहान मुलांवर नीट अभ्यास झालाय. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला शिकले आणि मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. उपचार संपून पाच-सहा वर्षं उलटल्यावर त्यातल्या बहुतेक मुलांची पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही फरक टिकून होता; ते निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तुम्ही हे आकडे मला कधी ऐकवले नाहीत. आगाऊ पैसे मागणाऱ्यांकडे आकडे खूप होते.

चित्रांच्या कार्डांवरून घरात वादळ झालं, ते तुम्हाला आठवत असेलच. “चित्र देऊन मागता आलं तर ती बोलेल कशाला?” हा प्रश्न एकजात सगळ्यांनी विचारला. चित्र हातात देऊन वस्तू मागायला शिकवण्याची ही रीत १९८५ पासून वापरात आहे आणि अशा साधनांमुळे बोलणं अडतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं थोडं वाढतंच, एवढं तुम्ही शांतपणे सांगितलंत. वाद घातला नाहीत. पहिल्यांदा तिने झोक्याचं कार्ड माझ्या तळहातावर आपटलं त्या दिवशी वाद आपोआप मिटला. हात फडफडवण्याबद्दल तर तुम्ही एकच वाक्य बोललात: “कुणाला लागतंय का? मग असू दे.”

आणि ती आमच्याकडच्या काकूंची गोष्ट. “आई कामाला जाते, पोरीशी बोलायला घरात आहे कोण,” असं त्या तुमच्यासमोरच म्हणाल्या. मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने उठले. तुम्ही काकूंना शेजारी बसवून घेतलंत आणि सांगितलंत की लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ११ मुलांबद्दल लिहिलं, आठ मुलगे आणि तीन मुली. त्यानंतर कितीतरी वर्षं मोठमोठे डॉक्टर हेच म्हणत राहिले, की आईच्या मायेत कमतरता आहे म्हणून मूल असं झालं. मग बर्नार्ड रिमलँड नावाचे मानसशास्त्रज्ञ उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम होता. १९६४ साली त्यांनी हे खूळ पुराव्यानिशी मोडून काढलं, आणि १९६९ साली खुद्द कॅनरनी पालकांच्या सभेत आईबापांना दोषमुक्त केलं. “म्हणजे काकू, हा खटला केव्हाच निकालात निघालाय,” असं तुम्ही हसत म्हणालात आणि काकूही हसल्या. मी स्वयंपाकघरात रडत होते. तीन मुली, हे मात्र माझ्या डोक्यात राहिलं. अगदी सुरुवातीच्या नोंदीतच मुली होत्या, आणि तरी आम्हाला ‘मुलगी शांत आहे’ म्हणून घरी पाठवलं होतं.

माझी आई म्हणते, तुम्ही देवासारख्या भेटलात. मी तसं म्हणणार नाही, रागावू नका. तुम्हाला देव्हाऱ्यात बसवलं की बाकीच्यांची फुकट सुटका होते. लहान मुलाला विचारणं, उत्तरासाठी थांबणं, ‘नको’ म्हटलं तर उठणं, याला देवपण लागत नाही. माणसं हे करतात. तुमच्यानंतर मला ती दिसायला लागली. केस कापणाऱ्या दादांनी मशीन बाजूला ठेवून आधी कात्रीचा आवाज तिला लांबून ऐकवला, मग विचारलं. लिफ्टमध्ये एका आजोबांनी “हिला काय झालंय?” असं मला न विचारता तिलाच म्हटलं, “बटण तू दाबणार का?” तिने दाबलं नाही. त्यांनी मजला येईपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतः दाबलं, त्यामुळे आम्ही सगळेच एक मजला वर गेलो. कुणी कुरकुरलं नाही. यातल्या कुणीही कसला कोर्स केलेला नव्हता. ज्यांनी केलेला होता, त्यांच्यातल्या काहींना हे का जमलं नाही, हा प्रश्न मी मनात पुष्कळ घोळवला. त्यांना वेळ नसतो हे खरं आहे. पण तुम्ही तिला विचारून थांबलात, त्याला एक मिनिटही लागलं नसेल.

चमत्कार काही झालेला नाही, हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी मुद्दाम लिहिते. तिच्याकडे शब्द मोजके आहेत, काही दिवस तेही येत नाहीत. रस्ता बदलला तर अजूनही मेल्टडाउन होतं, म्हणजे सगळं असह्य होऊन तिचा तोल सुटतो. पण ते कशाने झालं हे आता आम्हाला बहुतेक वेळा कळतं, आणि संध्याकाळी घर हसतं.

एक ताजी बातमी. थोरल्याने तिच्यासाठी स्वतः एक कार्ड काढलंय. त्यावर त्याचाच चेहरा आणि चेहऱ्यावर लाल फुली: ‘दादा, जा.’ ती त्याला ढकलायची, चावायची, म्हणून त्याला सुचलं. आता ती दिवसभर तेच कार्ड त्याच्या हातावर आपटत असते आणि तो बिचारा दर वेळी खरोखर उठून जातो. पुढच्या खेपेला येताना लॅमिनेशनची थोडी जास्त पाकिटं आणा. बाकीची कार्डं धड आहेत, याचे मात्र चारही कोपरे गेलेत.

तुमची,
तिची आई