अनुमोदक म्हणून माझेच नाव

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गृहनिर्माण संस्थांवरचा आपल्या अंकातला लेख काल दोनदा वाचला. सभासद उदासीन असतात, सभेला फिरकत नाहीत, म्हणून कारभार मूठभरांच्या हाती जातो, असा त्याचा सूर आहे. मला तो मान्य नाही. राहायला आल्यापासून मी एकही वार्षिक सभा चुकवलेली नाही.

गेल्या सप्टेंबरची सभा सांगते. आमच्या 48 सदनिका. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, दोनतृतीयांश सभासद किंवा 20, यांतली कमी असेल ती गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी), म्हणजे 20 माणसे आली तरी भागते. आलो 11. सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, हे वाक्य आमच्या नोटिशीत दरवर्षी छापूनच येते. विषय होता गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा, खर्च 9 लाख. मी उठून विचारले, बाकीच्या ठेकेदारांची दरपत्रके कुठे आहेत? सचिव म्हणाले, "काकू, ऑफिसात आहेत, नंतर दाखवतो." मग माझा विरोध इतिवृत्तात लिहा, असे मी सांगितले. "लिहितो ना," असे सगळ्यांसमोर म्हणाले.

इतिवृत्त पाहणे हा सभासदाचा कायद्याने दिलेला हक्क. त्यासाठी मला तीन अर्ज करावे लागले. हाती आले त्यात लिहिले होते, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली सूचक म्हणून एका गृहस्थांचे नाव आणि अनुमोदक म्हणून माझे, सदनिका क्रमांकासकट. मी ज्याला विरोध केला, त्यालाच माझे अनुमोदन! त्या दिवसाची माझी खरी सही फक्त हजेरीची होती. दुरुस्तीचा अर्ज दिला तर इतिवृत्त आता कायम झाले आहे, असे उत्तर मिळाले. तक्रार घेऊन सरकारी कार्यालयात गेले, तिथे म्हणाले सहकार न्यायालयात जा. एका ओळीसाठी मी सत्तराव्या वर्षी वकील लावायचा?

सचिवांनी पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. अध्यक्ष तर पुढ्यात येईल त्या कागदावर सही करतात. पण ज्याच्याकडे इतिवृत्ताची वही आणि दप्तराच्या कपाटाची किल्ली, सोसायटी त्याची. आणि फायदा त्या ठेकेदाराचा, ज्याला आमच्याकडची सगळी कामे एकापाठोपाठ एक मिळत गेली.

तिसऱ्या मजल्यावरचे तरुण जोडपे दोन वर्षे सभेला आले, दोन्ही वेळा पार्किंगबद्दल बोलले. इतिवृत्तात एक अक्षर नाही. आता ते येत नाहीत. आपल्या लेखकाच्या हिशेबी ते उदासीन.

आता आमच्याकडे पुनर्विकासाचे वारे आहे. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे त्या सभेला दोनतृतीयांश हजेरी लागते आणि सभेचे चित्रीकरण करावे लागते. हे फार चांगले केले आहे. पण एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती पुरते, म्हणजे आमच्याकडे 25 सह्या. सह्या आणि नावे कागदावर कशी चढतात ते मी पाहिले आहे, म्हणून मला रात्री झोप लागत नाही. पुनर्विकासाच्या सभेचे चित्रीकरण होते, तर लाखोंचे ठराव करणाऱ्या वार्षिक सभेचे का नको?

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. घरकामाच्या बायकांनी मागची लिफ्टच वापरावी, असा कागद जिन्याशी लावला आहे. मागची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. आमच्याकडे चौदा वर्षे येणारी बाई दुखऱ्या गुडघ्यांनी पाच मजले चढते. हा ठराव कोणत्या सभेत झाला, ते मी विचारले. कोणत्याच सभेत झालेला नाही. मी तिला माझ्याबरोबर पुढच्या लिफ्टने आणते, तर मलाच नोटीस आली.

यंदाची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. सभा उठण्याआधी लिहिलेले सगळे मोठ्याने वाचून दाखवावे, असा अर्ज मी सोमवारी दिला आहे. त्याची पोच अजून मिळालेली नाही.

आपली,
एक सभासद, डोंबिवली (पूर्व)