चोच पुन्हा मोजणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

"परवा लेसर म्हणालो ते चुकलं. मान वळलेल्या फोटोवर चोच मोजली होती. हा ग्रेटर आहे." तीन दिवसांनी, कुणी विचारलेलं नसताना, तुम्ही हे कळवलंत. हे पत्र त्या तीन वाक्यांसाठी. लेसर आणि ग्रेटर, म्हणजे किनाऱ्यावरच्या सँड प्लोव्हर पक्ष्यांतले लहान आणि मोठा, एकमेकांसारखेच दिसतात, म्हणून हा सगळा घोळ.

अलिबागजवळच्या अक्षीच्या पुळणीवरचा तो सँड प्लोव्हर तुमच्याआधी तीन जाणत्यांच्या नजरेखालून गेला होता. एकाने फोटो धड उघडायच्या आत 'लेसर' म्हणून टाकलं. दुसऱ्याने 'कोकणात लेसरच असतात' असा निकाल दिला. तिसऱ्याने नुसता होकाराचा अंगठा टाकला. कारण विचारलं तर म्हणे, अनुभवाने कळतं! चिखल्यांच्या, म्हणजे या प्लोव्हरांच्या, बाबतीत हा अनुभवच दगा देतो. आपल्या किनाऱ्यावरच्या थव्यात लेसर जास्त असतात हे खरं, पण म्हणूनच त्यांच्यात उभ्या असलेल्या एखाद्या ग्रेटरकडे कुणी बघत नाही. त्यात आपल्याकडचे लेसर बहुतेक तिबेटी, ज्यांना आता वेगळी जात मानतात. त्यांची चोच सायबेरियन भावंडांपेक्षा लांब. म्हणजे गोंधळात आणखी भर.

तुमची मोजायची रीत साधी. चोचीची लांबी घ्यायची आणि तीच चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत ताडून बघायची. लेसरची तेवढीच किंवा थोडी कमी भरते, ग्रेटरची सहसा पुढे जाते. मात्र पक्षी अगदी बाजूने, कॅमेऱ्याला आडवा दिसायला हवा. डोकं जरा कॅमेऱ्याकडे वळलं की चोच आखूड दिसते, आणि गालाचा उतार आपल्याकडे येत असल्याने डोळ्यापर्यंतचं अंतर तितकं आखडत नाही. लेन्स जमिनीलगत नसेल, उभ्याने वरून फोटो काढला असेल, तर मापाला काही अर्थच उरत नाही. पायांच्या रंगाचं तेच. ग्रेटरचे पाय फिकट, हिरवट-करडे, लेसरचे गडद. पण ओल्या चिखलातून चालत आलेल्या पक्ष्याचे पाय सगळेच काळे.

म्हणून तुम्ही मागितलेत ते नासलेले फोटो. "चांगले नकोत, उडतानाचे द्या, हललेले असले तरी चालतील." ग्रेटर उडताना पायाची बोटं शेपटीबाहेर स्पष्ट डोकावतात, लेसरची बाहेर आलीच तर जेमतेम. सेकंदाच्या १/८०० शटरवर घेतलेल्या, पंख पुसट झालेल्या, कार्डावरून उडवायच्या बेतात असलेल्या फ्रेममध्ये ती बोटं दिसली. (१/२५०० ठेवला असता तर पंखही मिळाले असते, पण ते जाऊ दे.)

वेळेचं गणितही तुमचंच. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब पाण्याच्या कडेला, मधे तापलेल्या वाळूवरची थरथरती हवा. त्यातून कितीही महाग लेन्स चोचीची कड देत नाही. भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी जाऊन पडून राहायचं, पाणीच पक्ष्यांना पुढे आणतं. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा सकाळच्या उन्हात चढती भरती सापडणारे दिवस पंधरवड्यात मोजकेच. आणि भरती भरल्यावर थवा एका जागी विसावला की उठून परत फिरायचं. तेव्हा त्यांना उडवून काढलेला फोटो तुम्ही बघतसुद्धा नाही, हे ऐकून होतो. त्या बाबतीत तुम्ही कडक आहात ते बरंच आहे.

नाव सांगणारे पुष्कळ भेटतात. सांगितलेलं नाव मागे घेणारा विरळा. तुमचं पहिलं उत्तर तसंच राहिलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. यादीत एक लेसर वाढला असता, इतकंच. तुम्ही फोटो पुन्हा उघडलात, चुकीच्या मापाची रेघ तशीच ठेवून शेजारी लाल रंगात नवी रेघ ओढलीत आणि दोन्ही पाठवल्यात. जुनी रेघ पुसली नाहीत, ते फार आवडलं. चूक नेमकी कुठे होते ते त्या दोन रेघांइतकं कुठल्याच पुस्तकात दिसलं नव्हतं.

एप्रिलमध्ये परतीआधी त्यांच्यावर वीण-रंग चढायला लागतील. तिबेटींचं कपाळ काळं होईल, छातीवर तांबूस पट्टा येईल. भरतीच्या वेळा काढून पाठवतो. गुडघे दुखत असतील तर चटई आम्ही आणू, तुम्ही फक्त या.

आपला,
अक्षीच्या पुळणीवरचा एक शिकाऊ