पॉइंट रेयेसच्या कड्यावरून

सॅन होजे, कॅलिफोर्निया
दि. २८ एप्रिल

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकडं लातूरला ऊन मी म्हणत असेल. अण्णा, भर दुपारी रानात जाऊ नका.

परवा आम्ही दोघं सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, पॉइंट रेयेसला समुद्रकाठी जाऊन आलो. वारा असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आणि त्या वाऱ्यात कड्याकड्यानं फुलंच फुलं! जांभळे आयरिस, निळी ल्युपिन, मधेमधे पॉपी. इथल्या किनाऱ्यावरच्या पॉपीची पाकळी कडेला पिवळी, आत केशरी. थेट आपल्या करडईचा रंग. मी खाली बसून एक कळी पाहिली. तिच्यावर टोकदार हिरवी टोपी असते. आतल्या पाकळ्या फुगतात, टोपी ढकलून पाडतात, मग चारही मोकळ्या होतात. धुकं आलं की फूल पुन्हा मिटतं.

अण्णा, इथला पाऊस आपल्या उलट. दिवाळीनंतर सुरू होतो, पाडव्याच्या सुमारास ओसरतो. उन्हाळाभर थेंब नाही, डोंगर वाळून जातात. पॉपीचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि पाऊस मनासारखा झाला की उगवतं. मला २०१६ आठवलं. उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षी पाऊस झाल्यावर आपल्या बांधावर कुणी न पेरता कुर्डू कसा माजला होता!

आई, तुला सांगायचं म्हणजे देवमासा पाहिला, पिलासकट. आधी पाण्याचा मोठा फवारा, मागून लहानसा. मेक्सिकोच्या किनाऱ्याला वितात आणि लेकरू घेऊन अलास्काकडं निघतात. लेकरू सोबत असलं की काठाकाठानं जातात, म्हणून वरून दिसले. किती वेळ बघत उभी होते मी! फुलं तोडायला तिथं बंदी आहे, तेव्हा तुझ्या देवाला फोटोच.

अण्णा, एक मागणं आहे. यंदा पेरणीनंतर बांधावर तणनाशक मारू नका. सोयाबीनमध्ये काय करायचं ते करा, पण बांधावरचा कुर्डू आणि तरवड राहू द्या. आईला कोवळ्या पाल्याची भाजी होईल, मधमाश्याही टिकतील. तुरीच्या फुलोऱ्याला त्यांची मदतच होते. पोळ्याला येतेय, तेव्हा सगळा बांध फिरून बघणार आहे.

तुमची लेक